खांब पुन्हा सरळ केला

माणसाच्या आयुष्यात एक तरी प्रवास अत्यावश्यक असतोच. हे मी अनुभवाने म्हणत नाही. हे वाक्य मी एका सरकारी सूचनेत लिहिलं होतं. आमच्या विभागप्रमुख सिनिक्काबाईंनी आधी त्यातला 'च' खोडला, मग 'एक तरी' खोडलं, आणि उरलेलं जागा पुरत नाही म्हणून काढून टाकलं. त्या जागी 'अनावश्यक प्रवास टाळावा' एवढंच राहिलं. गेली बावीस वर्षं मी हेल्सिंकीतल्या रस्ता-सुरक्षा खात्याच्या कचेरीच्या चौथ्या मजल्यावर बसून हे वाक्य लिहितो आहे. कधी 'शक्यतो' घालतो, कधी काढतो. हिवाळ्यात घालतो-काढतो, उन्हाळ्यात त्याचा अहवाल लिहितो. देश त्याप्रमाणे वागतो की नाही याची आमच्याकडे नोंद नाही.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला मी 'शक्यतो'पाशीच अडलो होतो. दक्षिणेकडून गोठता पाऊस येणार होता. म्हणजे वरून पाणी पडतं, खाली जमीन उणे सातवर असते, आणि थेंब टेकल्या टेकल्या काच होतो. तेवढ्यात राइलीचा फोन आला. राइली माझी मोठी बहीण. ती सहसा फोन करत नाही. वर्षातून दोनदा, आणि तेही चुकून लागल्यासारखा.

"आई केंद्रात आहे," ती म्हणाली. केंद्र म्हणजे हाउकियार्वीचं आरोग्य केंद्र, वरच्या मजल्यावर बारा खाटा. "मंगळवारी पडली. घसरगाडीवरून. आता छातीत पाणी झालंय."

"मंगळवारी? मग आज सांगतेस?"

"मंगळवारी फक्त पडली होती."

"काय म्हणते ती?"

"काही म्हणत नाही. श्वास घेते."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणतो, वय झालंय. हे सांगायला तो सहा वर्षं शिकला."

मी विचारलं, म्हणजे मी यायला हवं का. ती म्हणाली, मी तसं म्हटलं नाही. मी विचारलं, मग येऊ नको का. ती म्हणाली, तसंही म्हटलं नाही, रस्ते वाईट होणार आहेत असं ऐकते, तुमच्याच खात्याने सांगितलंय म्हणे. आमच्या सावो भागात सरळ उत्तर देणं म्हणजे समोरच्याच्या घरात न विचारता शिरण्यासारखं आहे. तिथे वाढलेल्या माणसाला वाक्याच्या कडेकडेने चालता येतं, पण तीस वर्षं शहरात काढल्यावर पाय घसरतो.   मग ती म्हणाली, "एवढंच सांग, थर्मासमध्ये कॉफी किती करून ठेवू?" आणि मी खुर्चीतून उठलो. आईच्या आजारपणाच्या बातमीने मी उठलो नव्हतो, हे मला त्या क्षणीच लक्षात आलं आणि लाज वाटली.

कोट घालताना सिनिक्काबाई दारात भेटल्या. त्या आमच्याकडच्या सगळ्यांसारख्याच नावाने हाक मारतात. म्हणाल्या, "ओस्मो, आपण सकाळीच सूचना काढली आहे."

"माहीत आहे. मीच लिहिली."

"मग?"

"मग मी ती टाळतो आहे," मी म्हणालो.  त्या म्हणाल्या, "रजेचा अर्ज सोमवारी दिलास तरी चालेल."

लाहती ओलांडेपर्यंत रस्ता नुसता ओला होता. हेइनोलाच्या पुलावर पहिल्यांदा आवाज बदलला. ओल्या रस्त्यावर टायर सळसळतात. काचेवर आले की एकदम गप्प होतात. वाहन चालवणाऱ्या माणसाला त्या गप्प होण्याची जितकी भीती वाटते तितकी कुठल्याच आवाजाची वाटत नाही. मी वेग कमी केला. माझ्या टायरांना बर्फ पकडणारे खिळे नव्हते. शहरात ते कुणी वापरत नाही. आवाज होतो, डांबर उखडतं, आणि मी राहतो त्या गल्लीच्या तोंडाला तर खिळ्यांच्या टायरांना मनाई असल्याची पाटीच आहे. त्या पाटीच्या बाजूने मी दोनदा मत दिलं होतं. रेडिओवर माझंच वाक्य एक तरुण मुलगी वाचत होती, 'शक्यतो'सकट. ती चांगलं वाचत होती. तिच्या आवाजात ते खरं वाटत होतं.

अकरा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, असाच पाऊस होता. बाबा त्याच बारा खाटांपैकी एकीवर होते. तेव्हाही राइलीनेच फोन केला होता, तेव्हाही तिने काही सांगितलं नव्हतं. मी दुपारी बारा वाजता सूचना लिहून पाठवली, आणि दोन वाजता खिडकीशी उभा राहून स्वतःच्या प्रवासाची तपासणी केली. रुग्ण स्थिर. अंतर तीनशे तीस किलोमीटर. प्रवास आवश्यक असल्याचं सिद्ध होत नाही. मी सकाळी निघायचं ठरवलं. बाबा पहाटे चारला गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात, साल्मन सूप वाढता वाढता, राइली मला म्हणाली, "रस्ते खरंच वाईट होते." बस एवढंच. हे वाक्य मी अकरा वर्षं उलटंपालटं करून पाहिलं आहे. 'खरंच'वर जोर होता की 'होते'वर? तिने मला सोडवलं होतं की कायमचं खिळवलं होतं? मारिता, माझी त्या वेळची बायको, म्हणाली होती की तू तिलाच का विचारत नाहीस. मी म्हटलं, आमच्यात तसं विचारत नाहीत. मारिता किनाऱ्याकडची, तिच्याकडे विचारतात. पुढे दोन वर्षांनी ती मला सोडून गेली तेव्हा तिने जाण्याचं कारण अगदी स्पष्ट सांगितलं: तू काही करत नाहीस, ओस्मो. वाईट काही करत नाहीस हे मान्य. पण काहीच करत नाहीस.

काही न करणं मला बाबांनी शिकवलं होतं, आणि तेही वाहन चालवताना. मी तेरा वर्षांचा होतो. मार्चमध्ये आमच्या तळ्यावरचा बर्फ हातभर जाड असतो. गावातली सगळी मुलं तिथेच गाडी शिकतात, कारण आपटायला काही नसतं. बाबांनी मला त्यांच्या जुन्या गाडीच्या चाकामागे बसवलं, वेग घ्यायला लावला आणि मग शेजारून हात घालून हँडब्रेक ओढला. आभाळ, किनारा, आमची सौनाची न्हाणी, पुन्हा आभाळ, सगळं गोल फिरलं. मी ब्रेक दाबत होतो, चाक वळवत होतो, बहुधा ओरडतही होतो. गाडी थांबल्यावर बाबांनी टोपी सरळ केली. म्हणाले, "घसरायला लागली की काही करू नको. क्लच दाब. जिथे जायचंय तिकडे बघ. बाकी तिचं ती बघेल." पुन्हा वेग, पुन्हा हँडब्रेक. सातव्या वेळी मी काही केलं नाही. गाडी आपोआप सावरली, आणि बाबा हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून तो धडा मी नको तितका मनावर घेतला. रस्त्याबाहेरही कुठे काही घसरायला लागलं की मी क्लच दाबून बसतो. फक्त जिथे जायचंय तिकडे बघायचं, हा भाग माझ्या हातून सुटत गेला.

मिक्केलीच्या पुढे मी हमरस्ता सोडला. तिथून हाउकियार्वी चौतीस किलोमीटर. पावणेचार झाले होते आणि काळोख पुरता उतरला होता. हा रस्ता मला पाठ आहे: दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडं, मध्ये कधी दुधाचे कॅन ठेवायचा एखादा रिकामा ओटा, कडेला दर पन्नास मीटरवर बर्फ काढणाऱ्या गाडीला रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेले पातळ खांब, टोकाला चमकती पट्टी. माझ्या दिव्यात ते एकेक करून उगवत होते आणि मागे जात होते. पाऊस समोरच्या काचेवर टेकत होता आणि तिथेच राहत होता. वायपरला बर्फाच्या गाठी झाल्या होत्या. ते पुसत नव्हते, नुसते ठोकत होते. मी तिसऱ्या गियरमध्ये तीसच्या वेगाने जात होतो आणि आईचा विचार करत होतो. खरं तर आईच्या घसरगाडीचा. मागे उभं राहून एका पायाने ढकलायची, पुढे पिशवी ठेवायला लाकडी बैठक, खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या. ब्याऐंशीव्या वर्षीही ती त्यावरून रोज पाऊण किलोमीटरवरच्या टपालपेटीपर्यंत वर्तमानपत्र आणायला जायची, आणि उतारावर दोन्ही पाय वर घ्यायची. बर्फावर कुणी घसरू नये म्हणून आमच्या रस्त्यावर खडी टाकायचं काम वर्षानुवर्षं शेजारचा तैस्तो करत असे. तो उजवी कड मोकळी सोडायचा, हातभर रुंद, आईच्या पट्ट्यांसाठी. याची कुठे लेखी नोंद नव्हती. यंदा तैस्तोच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि काम नव्या माणसाकडे गेलं. तो कामाला चोख. त्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत खडी टाकली. मंगळवारी सकाळी आई उतारावरून पाय वर घेऊन आली आणि पट्ट्या खडीत रुतल्या. रस्ता पूर्णपणे सुरक्षित करण्यात आला होता. आमच्या अहवालात त्याची गणना त्या बाजूनेच होईल.

पुढचं अवघड वळण मला माहीत होतं. प्रत्येकाला ते माहीत आहे. मी चाक वळवलं आणि गाडी सरळच निघाली. आवाज नव्हता. सगळं इतकं सावकाश झालं की मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. मी क्लच दाबला. काही केलं नाही. जिथे जायचं होतं तिकडे मात्र बघितलं नाही. मी त्या खांबाकडे बघत होतो, चमकत्या पट्टीकडे, आणि गाडी इमानेइतबारे तिकडेच गेली. खांब कडकन वाकला, नाक खाली गेलं, उजवी बाजू बर्फात रुतली आणि सगळं थांबलं. रेडिओवर शेतीमालावरचा कार्यक्रम चालूच राहिला.

उतरल्यावर मी सर्वांत आधी काय केलं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी तो खांब पुन्हा सरळ केला. उभं राहता येत नव्हतं, म्हणून चारी पायांवर, गुडघ्यापर्यंत बर्फात. खांब रोवला, भोवती बर्फ दाबला, पट्टी रस्त्याकडे फिरवली. तिकडे आई एकेक श्वास मोजून घेत होती आणि इकडे मी सरकारी मालमत्ता पूर्ववत करत होतो. मग गाडीत बसलो. इंजिन चालू होतं, दिवे समोर झाडांच्या बुंध्यांवर पडले होते. कुणाला फोन करावा? आपत्कालीन क्रमांक किरकोळ घटनांसाठी वापरू नये, असं लिहिलेलं आहे. कुणी लिहिलंय ते सांगायला नको. राइलीला केला तर ती आईला सोडून निघेल. गावातल्या कुणाला केला तर गावाला कळेल. आमच्या गावात माणूस खड्ड्यात गेला की तो तिथून कधी बाहेर येत नाही. आमचे गणिताचे मास्तर एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली सूचिपर्णी झाडाखाली गाडीसकट उलटे झाले. छत्तीस वर्षांनी ते वारले तेव्हाही लोक एकमेकांना सांगत होते, ते हो, खड्ड्यातले.

तेवढ्यात वळणापलीकडून उजेड आला. गावाच्या दिशेने. सावकाश, एका चालीने, खिळ्यांच्या टायरांचा करकर आवाज करत. मी मदतीसाठी बाहेर पडायला हवं होतं, हात हलवायला हवा होता. माझा हात निघालाही. तो डॅशबोर्डकडे गेला आणि त्याने दिवे बंद केले.

इंजिनही बंद केलं. मी खाली वाकलो. चोपन्न वर्षांचा माणूस, सुरक्षित वाहतुकीचा तज्ज्ञ, स्टिअरिंगखाली डोकं घालून बसला, आणि त्याच्या मनात त्या वेळी भीती नव्हती, आई नव्हती, काही नव्हतं; फक्त एकच इच्छा होती, की त्या गाडीत जो कोणी आहे त्याने मला पाहू नये. उजेड छतावरून सरकत गेला. करकर दूर गेली. मग इतकी शांतता झाली की काचेवर पाऊस गोठताना ऐकू यायला लागला, बारीक, भट्टीतून काढल्यावर पावाची कड तडकते तसा.

आणि मग मला कळलं मी काय केलं ते. या रस्त्यावर अशा हवेत दुसरी गाडी येणार नाही. मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो होतो की त्या वेळी पाऊस आडवा आला. आज पाऊस असूनही मी निघालो होतो; तीनशे किलोमीटर आलो होतो; आणि एकवीस किलोमीटर उरले असताना मदत समोर आली तेव्हा मी दिवे मालवले. म्हणजे तेव्हाही आडवा आला तो पाऊस नव्हता. तेव्हाही हाच हात होता. आईला आता कुणीतरी सांगत असेल, येतोय तो, निघालाय. तिच्या छातीत पाणी चढत असेल आणि ती दाराकडे बघत असेल. किंवा बघत नसेल; तिला माहीतच असेल. मी दार ढकललं, चालत निघायचं म्हणून, आणि चार पावलांत तीनदा पडलो. चौथ्यांदा पडल्यावर तसाच पडून राहिलो. पाऊस चेहऱ्यावर येत होता. ओठावर गोठत होता. मला वाटलं, काही न करण्याची इथे उत्तम सोय आहे. आणि त्या विचाराचीच इतकी भीती वाटली की मी रांगत परत गाडीत आलो आणि थंडीने दात वाजवत बसून राहिलो.

चाळीस मिनिटांनी हमरस्त्याच्या बाजूने पुन्हा उजेड दिसला. तोच आवाज, तीच चाल. माझा हात मांडीवर होता. तो जड झाला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. उजेड झाडांवरून खाली उतरत होता. मी हात उचलला आणि सगळे दिवे लावले. पुढचे, मागचे, धोक्याचे लुकलुकणारे, छतातलाही. माझी गाडी त्या जंगलात लग्नघरासारखी उजळली. वर मी हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला.

करड्या रंगाची जुनी व्हॅन होती. तिने ब्रेक लावला नाही; ती थांबत थांबत दीडेकशे मीटर पुढे गेली आणि मग तितक्याच शांतपणे मागे आली. तैस्तो उतरला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधलेले. त्याने बॅटरी माझ्या गाडीवरून फिरवली, मग माझ्यावरून.

"बसलायस वाटतं," तो म्हणाला.

"बसलोय म्हणायला हरकत नाही."

"बराच वेळ झाला?"

"थोडा."

"राइलीने फोन केला. म्हणाली, एव्हाना पोचायला हवा होता. मी पार हमरस्त्यापर्यंत जाऊन आलो. पंपावरच्या बाईलाही विचारलं." तो खाली वाकून टायर बघत होता. "मघाशी इथून गेलो तेव्हा काही दिसलं नाही."

 माझ्याकडे खोटं तयार होतं, गाडीची बॅटरी उतरली होती म्हणून. दिवे डोळ्यांदेखत लखलखत होते.

"मी दिवे बंद केले," मी म्हणालो. "तुझी गाडी येताना पाहून."

तैस्तोने नाक पुसलं. त्याने त्या सरळ केलेल्या खांबाकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता हा सगळं बोलणार. तो म्हणाला, "बरोबर आहे. समोरच्याच्या डोळ्यांवर येतात." मग टायरला बुटाने टोकत म्हणाला, "हे बघ, नाचायचे बूट घालून आलायस तू. चल, बस माझ्याकडे. ही राहू दे, कुठे जात नाही. उद्या ट्रॅक्टरने काढतो आणि केंद्राच्या आवारात आणून लावतो."

व्हॅनमध्ये डिझेलचा, कुत्र्याचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. माझे दात थांबेनात. आई आहे का, हे मला विचारायचं होतं. सहा किलोमीटर गेल्यावर विचारलं. तैस्तो म्हणाला, "अर्ध्या तासापूर्वी होती. राइलीने सांगितलं, थोडं सूप घेतलं म्हणे. गिळलं की नाही ते नाही सांगितलं." मग मी, का ते मला सांगता येणार नाही, बाबांचं विचारलं. त्या वेळी तू तिथे होतास ना? तैस्तोने गियर बदलला. "होतो. संध्याकाळी गेलो होतो. मला विचारलं त्याने, रस्ता कसा आहे. मी म्हटलं, आरसा आहे. तर म्हणाला, मग ओस्मो येणार नाही. शहाणा आहे तो."

"कसं म्हणाले?"

"कसं म्हणजे? तोंडाने."

"म्हणजे हसून, की..."

"ओस्मो," तैस्तो म्हणाला, "तुझा बाप होता तो. मी फक्त शेजारी."  मी समोर बघत होतो. व्हॅनच्या दिव्यात एकेक खांब उगवत होता. 'शहाणा' या शब्दाचा वजनकाटा माझ्यापाशी नव्हता. राइलीच्या 'खरंच'शेजारी मी तो ठेवून दिला.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर राइली बाकावर बसली होती, विणकाम मांडीवर. साडेसहा वाजले होते. मला आपादमस्तक पाहून म्हणाली, "आलास." मग म्हणाली, "पँट ओली आहे तुझी." मी म्हणालो, हो. ती उठली, माझ्या बाहीवरचा बर्फ झटकला, आणि झटकून झाल्यावरही तिचा हात तिथेच राहिला, दोन-तीन क्षण. आमच्यात तेवढं पुष्कळ होतं. मग तिने दार उघडलं.

आई खूप लहान झाली होती. कपाळावर खडीचे चार बारीक ओरखडे होते, त्यांना पिवळं औषध लावलेलं. मी खुर्ची ओढली तशी तिने डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत राहिली. ओळखत होती की नाही मला कळेना, आणि एकदम वाटलं की आता बोललो नाही तर राहूनच जाईल. मी म्हणालो, "आई, त्या वेळी मी यायला हवं होतं. बाबांच्या वेळी." हे मी मोठ्याने म्हणालो. दारातली परिचारिका थांबली. राइलीने विणकामाची सुई खाली ठेवली. आईने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"टोपी कुठाय तुझी?" ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी तिचा हात धरला. तो गरम होता. मी ठरवलं की आता हलायचं नाही, आणि शुक्रवार, शनिवार, रविवार मी त्या खुर्चीवरून जवळजवळ हललो नाही. राइली जेवण आणून देई. खुर्चीतच झोपलो. आई पुन्हा बोलली नाही.

ती सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी गेली. मी तेव्हा खाली आवारात होतो. वितळत्या बर्फाचा गाळ काढायचा म्हणून सगळ्यांना गाड्या हलवायला सांगितल्या होत्या. तापमान शून्याच्या वर तीन अंश होतं आणि हमरस्त्यापर्यंतचं डांबर पूर्ण मोकळं झालं होतं.